मैदानावरचा आठ

"ती जागा पडीक आहे," कारकून अगदी सहज म्हणाला, आणि टेबलाखाली बाईंचा उजवा पाय फरशीवर असा काही दाबला गेला की टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरला. कारकुनाने वाकून खाली पाहिलं. बाईंनीही पाहिलं. पाय अजून दाबलेलाच होता आणि चप्पल अर्धी निसटून पुढे गेली होती. गाडी चालवायला शिकवणाऱ्या माणसाचा हा पाय कधी सुट्टीवर जात नाही. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, त्याच्या आधी धोका ओळखायचा आणि आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, हे इतकी वर्षं केल्यावर ती सवय हाडीमासी भिनते. सिनेमात नायिका जिन्याच्या टोकाशी आली की बाईंचा पाय दाबला जायचा. सासूबाईंच्या हातून दुधाचं पातेलं कलंडायला लागलं की दाबला जायचा. बाईंचे मिस्टर, म्हणजे मास्तर, गेले त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी तो इतका वेळ दाबून धरला होता की पुढे आठवडाभर पोटरी दुखत होती. आणि तेव्हाही काही थांबलं नव्हतं.

कारकून तसा भला माणूस होता. त्याने त्यांना पाणी दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. मैदान वापरण्याची परवानगी आता नव्याने मिळणार नाही, कारण जुन्या टाकीमागची ती सगळी मोकळी जागा बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्याला द्यायचं चाललं आहे. पाहणीवाले साहेब दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा भर बाराच्या उन्हात. तिथे चिटपाखरूसुद्धा नव्हतं, चाकाचा माग नाही, साधा कागदाचा कपटा नाही. इतकी स्वच्छ जागा आयुष्यात पाहिली नाही, असं साहेब म्हणाले म्हणे. बाई म्हणाल्या, अहो, मी रोज सकाळी तिथे असते, माझ्या आधी माझे मिस्टर असायचे. कारकुनाने मान हलवली. मग आजूबाजूला बघत आवाज खाली आणून तो म्हणाला, "बाई, माणसं काय, कुणीही आणून उभी करतं. आमचे साहेब माणसांकडे बघत नाहीत, जमिनीकडे बघतात. जमीन खोटं बोलत नाही म्हणतात. तुम्ही हरकत घ्या, शुक्रवारी सकाळची पाहणी लावून देतो. पण काहीतरी दिसलं पाहिजे."

जिना उतरताना बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला राग आलेला नाही. यायला हवा होता. झाकणं! निदान औषधांचा तरी कारखाना असता, तर माणसाने दोन मिनिटं विचार केला असता. पण रागाच्या जागी अंगात काहीतरी गुणगुणत होतं, गाडी चालू करून न्यूट्रलला ठेवल्यावर सीटमधून येते तशी ती थरथर होती. शेवटचं असं कधी वाटलं होतं, ते आठवायला त्यांना रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथपर्यंत जावं लागलं. लग्नानंतरचं पहिलं वर्ष होतं. मास्तर त्यांना पहाटे मैदानावर घेऊन गेले होते, स्टिअरिंगपाशी बसवलं होतं आणि म्हणाले होते, आता इंग्रजी आठ काढायचा. म्हणजे डावीकडे एक गोल, उजवीकडे एक गोल, आणि मध्ये कुठेही न थांबता एकातून दुसऱ्यात जायचं. त्या सारख्या डावीकडे भरकटायच्या. मास्तरांनी मांडलेली विटांची रांग त्या प्रत्येक वेळी घेऊन जायच्या, आणि मास्तर उतरून, न रागावता, न हसता, विटा पुन्हा लावायचे. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी एका सकाळी त्या अडखळल्या नाहीत, पूर्ण आठ निघाला, आणि गाडीतून उतरून त्या लहान पोरीसारख्या उड्या मारत सुटल्या होत्या. मास्तर मात्र तोवर डिकीतून खराटा काढत होते.

खराटा. बाई फुटपाथवर जागच्या जागी थांबल्या, मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळता आदळता राहिला. आलो तसं जायचं, हा मास्तरांचा नियम होता. शिकवणी संपली की टायर, विटा, लाल शंकू उचलून डिकीत टाकायचे, मग खराट्याने कडेची भुसभुशीत माती ओढून चाकांच्या मागावर पसरायची, वरून हलका हात फिरवायचा. मैदान कुणाच्या बापाचं नाही, मास्तर म्हणायचे, उद्या कुणी बोट दाखवायला जागा राहता कामा नये. आणि नुसते मास्तरच नव्हते. दुपारी लाँड्रीवाली चादरी वाळत घालायची, जाताना बांबू उपटून भोकं बुजवायची. संध्याकाळी बँडवाले सरावाला गोल करून उभे राहायचे आणि जाताना पायांनी फुटलेली ढेकळं सारखी करून जायचे. ही सगळी माणसं एकमेकांना जवळपास ओळखतही नव्हती. बाईंना सकाळी कधी एखादा कपड्याचा चिमटा सापडायचा, तो त्या टाकीच्या कट्ट्यावर ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी तो तिथे नसायचा. एवढीच ओळख. प्रत्येकाने आपापली खूण पुसली, दुसऱ्याला जागा स्वच्छ मिळावी म्हणून पुसली, आणि इतकी वर्षं इतक्या निगुतीने पुसली की त्या जागेवर कधी कुणी पायच ठेवला नाही असं आता एका साहेबाला वाटत होतं. बाईंना हसू फुटलं. भर रस्त्यात एकटी बाई हसते आहे हे बघून लोक बाजूने जायला लागले. हसता हसता ते हसू थांबलं, कारण घरात त्यांनी हेच केलं होतं. मास्तर गेल्यावर आठवड्याभरात त्यांचे कपडे देऊन टाकले, चपला दिल्या, चष्मा दिला, दाढीचं सामान बादलीत टाकलं, कपाटाचा त्यांचा खण पुसून घेतला. आलो तसं जायचं. सगळे म्हणाले होते, किती धीराची बाई. आता त्या खणात इस्त्रीच्या चादरी होत्या, आणि मास्तर चष्मा डोक्यावर सरकवायचे की शर्टाला अडकवायचे, हे त्यांना खात्रीने आठवत नव्हतं.

घरी सासूबाई खिडकीत बसून खालची वाहतूक बघत होत्या. आयुष्यात त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, पण कोण चुकीचा वळला याची बित्तंबातमी त्यांच्याकडे असायची. बाईंनी सांगितलेलं त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, लहानपणापासून असाच होता तो, पाटीवर चित्र काढायचा आणि मी बघायला येईपर्यंत पुसून टाकायचा. एकही चित्र मी बघितलं नाही. खाली कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. सासूबाईंनी विचारलं, "मग आता काय करणार आहेस?" आणि बाई म्हणाल्या, "पसारा करणार आहे, आई."

हे तोंडून निघालं आणि त्यांना पुन्हा ती थरथर जाणवली, आता पायाच्या अंगठ्यापर्यंत. पसारा! हा शब्दच त्यांच्या घरात शिवी होता. पुढचे दोन दिवस त्या एखादा कट शिजवत असल्यासारख्या फिरत होत्या. लाँड्रीत गेल्या. गरम वाफेत उभ्या असलेल्या लाँड्रीवालीला म्हणाल्या की मीच ती, चिमटे ठेवणारी, आणि लाँड्रीवाली इस्त्री बाजूला ठेवून एकदम त्यांच्या गळ्यातच पडली. बँडमास्तरांचा पत्ता शोधला. एका दुमजली घरात वरच्या खोलीत ते सनई साफ करत बसले होते, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे घरात वाजवायची चोरी झाली होती. मैदान गेलं तर आम्ही वाजवायचं कुठे, त्यांनी विचारलं. मग हसून म्हणाले, झाकणं वाजवत बसू. दोघांनाही बाईंनी एकच गोष्ट सांगितली: गुरुवारी काही आवरायचं नाही, जे आहे ते तसंच टाकून जायचं. दोघांनीही मान डोलावली. परत येताना बाईंना वाटलं की या शहरात आपण इतकी वर्षं राहतो आणि आत्ता कुठे राहायला आलो आहोत. त्या चक्क गुणगुणत होत्या. एक बारीकशी भीतीही होती, नाही असं नाही, पण भीती आणि आनंद एकाच गाडीत शेजारी शेजारी बसले होते आणि स्टिअरिंग कुणाच्या हातात आहे ते काही कळत नव्हतं.

गुरुवारी सकाळची शेवटची शिकवणी दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. या डॉक्टरीणबाई कुणाच्याही जबड्यात न डगमगता हात घालायच्या, पण गाडीत बसल्या की त्यांचा स्वतःचा जबडा आवळला जायचा. घाबरू नका, दुखणार नाही, असं दिवसभर लोकांना सांगणारी बाई गिअर टाकताना डोळे मिटायची. ब्रेक त्यांनी आजवर स्वतः कधी वेळेवर दाबला नव्हता, आणि दाबायची गरजही पडली नव्हती, कारण तोवर बाईंचा पाय कामाला लागलेला असायचा. त्या दिवशी आठ काढून झाला, डॉक्टरीणबाई घाम पुसत गेल्या, आणि बाई एकट्याच शंकूंच्या मधोमध उभ्या राहिल्या. आवरायचं नव्हतं, एवढंच. नुसतं गाडीत बसून निघून जायचं. पण हात आपोआप डिकीकडे गेला, खराट्याचा दांडा हातात आलासुद्धा. तो ओळखीचा दांडा, मास्तरांच्या मुठीने एका जागी गुळगुळीत झालेला. घरातल्या सगळ्या वस्तू देऊन टाकताना हा मात्र राहून गेला होता, कारण तो कामाचा होता. माफ करा, असं त्या मोठ्याने म्हणाल्या, कुणाला ते त्यांनाच माहीत, आणि खराटा परत टाकून, मागे वळून न बघता गाडी काढली. दिवसभर त्या मैदानाच्या बाजूला फिरकल्या नाहीत. गेलं तर हात शिवशिवतील, ही त्यांना खात्री होती. अंथरूण घालतानाही डोळ्यांसमोर ते उघडं पडलेलं मैदान येत होतं, लाल शंकू, टायर, चादरींचे बांबू, सगळं अस्ताव्यस्त, आणि त्यांना चोरून हसू येत होतं.

शुक्रवारी सकाळी टाकीचा कोपरा वळून गाडी मैदानात शिरली आणि बाईंचा पाय दाबला गेला. मैदान लख्ख होतं. शंकू एकात एक घालून टाकीच्या भिंतीशी रचलेले, विटांची चळत, टायर एकावर एक, त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक टाकलेलं. बांबूंची भोकं बुजवलेली. माती कोपऱ्या-कोपऱ्यापर्यंत सारवल्यासारखी सारखी केलेली. मैदानाच्या कडेला लाँड्रीवाली आणि बँडमास्तर उभे होते. दोघंही इस्त्रीच्या कपड्यांत, दोघांच्याही चेहऱ्यावर शाळेत बक्षीस मिळणार असल्याचा भाव. लाँड्रीवाली म्हणाली की तुम्ही सांगितलं होतं खरं, पण साहेब येणार म्हटल्यावर मनाला पटेना, जरा नीटनेटकं दिसावं म्हणून दुपारी सगळं आवरून टाकलं. बँडमास्तर म्हणाले की उरलंसुरलं संध्याकाळी आम्ही केलं, बारा माणसांनी मिळून, पाणीसुद्धा शिंपडलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ओरडावं असं वाटलंच नाही. ही माणसं अगदी मास्तरांच्या जातकुळीची होती, आणि मास्तरांवर तरी त्या कधी ओरडल्या होत्या? हसू आधी खांद्यांना आलं, मग पोटाला, मग त्या बॉनेटला टेकून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते थांबवायचं कसं हे कळेना, कारण त्यातलं निम्मं आता हसण्याचं राहिलं नव्हतं.

त्याच वेळी साहेब आले. उन्हाळी टोपी घातलेले, किडकिडीत, चालताना खाली बघणारे गृहस्थ. त्यांनी बाईंना नमस्कार केला, बँडमास्तरांना केला, त्यांच्यामागे जमू लागलेल्या वाजवणाऱ्यांना केला, आणि मग सगळ्यांकडे पाठ करून मैदानाकडे बघितलं. माणसं बरीच आली आहेत, ते म्हणाले, माणसं नेहमीच येतात. त्यांच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, नुसता थकवा होता. वाकून त्यांनी चिमूटभर माती उचलली, बोटांत चुरडली आणि सोडून दिली. मऊ होती, कुठे दबलेली नाही, कुठे घासलेली नाही. बाईंना सगळं सांगायचं होतं, मास्तर, विटा, खराटा, पण सांगायला लागल्यावर ते सगळंच आत्ता रचल्यासारखं वाटणार होतं. साहेब मान खाली घालून मैदानाच्या मध्यावर चालत गेले. आणि बाईंच्या लक्षात आलं की आपली गाडी जागेवर नाही. रोजची वेळ झाली म्हणून डॉक्टरीणबाई आल्या होत्या, बाई साहेबांपाशी अडकल्या आहेत असं बघून, आज आपण होऊन सुरुवात करावी अशा उत्साहाने स्टिअरिंगपाशी बसल्या होत्या, किल्ली गाडीलाच होती, आणि गाडी डावा गोल घेऊन थेट साहेबांच्या रोखाने निघाली होती.

बाईंचा पाय जमिनीवर दाबला गेला. नुसती जमीन, तिथे कुठला ब्रेक. काचेआड डॉक्टरीणबाईंचा चेहरा दिसत होता, डोळे मिटायच्या बेतात. शेजारची सीट रिकामी होती. दाबा, बाई मनात म्हणाल्या, मी नाहीये तिथे, तुम्ही दाबा. आणि डॉक्टरीणबाईंचे डोळे मिटले नाहीत. चाकं करकचून आवळली, गाडी घसरत पुढे आली, धुळीचा लोट उठला, आणि तो खाली बसला तेव्हा साहेब एका हाताने टोपी धरून उभे होते, बंपरपासून हातभर अंतरावर. डॉक्टरीणबाई दार उघडून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी दाबला. मी स्वतः दाबला." कुणीतरी टाळ्या वाजवल्या. साहेबांना मात्र कशाचंच भान नव्हतं. ते गाडीच्या चाकाशी उकिडवे बसले होते.

घसरलेल्या चाकाने वरची माती बाजूला ओढली होती. तिच्याखाली एक पट्टा उघडा पडला होता, काळपट, गुळगुळीत. साहेबांनी त्याच्यावर नख मारून पाहिलं. नख उमटलं नाही. मग खिशातली किल्ली काढून मारून पाहिली. हे काय आहे, त्यांनी विचारलं. बाई डिकीपाशी गेल्या, खराटा काढला, गुळगुळीत जागी मूठ आवळली आणि झाडायला लागल्या. आयुष्यभर जी माती आत ओढली ती बाहेर लोटायला लागल्या. काळा पट्टा लांबत गेला, वळायला लागला. त्यांना बघायचीही गरज नव्हती, हात जाणत होते, पाय जाणत होते. लाँड्रीवालीने पदर खोचला आणि कुठूनतरी झाडणी आणून बुजवलेली भोकं उकरायला बसली. एकेक भोक रांगेने उघडं झालं, तोंडं दगडासारखी टणक झालेली. बँडवाले आपल्या जागेवरची माती बुटांनी उडवत होते, आणि खालून त्यांचा गोल वर येत होता, वर्षानुवर्षं ताल धरून धरून घट्ट झालेला. धूळ नाकातोंडात जात होती. बाईंना खोकला येत होता, हसू येत होतं, केस सुटले होते. अंगातली ती थरथर आता थरथर राहिली नव्हती, गाडी केव्हाच गिअरमध्ये पडली होती. एक गोल पुरा झाला. मधली फुली आली, जिथे मास्तर उभे राहून हाताने वळ म्हणायचे. दुसरा गोल पुरा झाला. त्या कंबरेवर हात ठेवून सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी तो पहिल्यांदा बघितला, अख्खा, उन्हात चमकणारा, इतकी वर्षं रोज पुसलेला आणि रोज खाली उतरत गेलेला आठ. आणि कुणी न विचारता त्यांना आठवलं: चष्मा डोक्यावर. नेहमी डोक्यावर, आणि मग घरभर शोधत फिरायचे.

साहेब आठाच्या कडेकडेने पूर्ण एक फेरी चालून आले. हे एका दिवसाचं काम नाही, ते म्हणाले, एका वर्षाचंही नाही. जागा वापरात आहे, जुन्या आणि रोजच्या वापरात आहे, असं मी लिहिणार, कारण मला तसं दिसतं आहे. आणि आता कृपा करून हे झाकू नका. लाँड्रीवालीने झाडणीसकट हात जोडले. बँडमास्तरांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले. निघता निघता साहेब पुन्हा थांबले. त्यांची नजर जमिनीवरच होती, डाव्या बाजूला.

"हा आठ वाकडा आहे पण," ते म्हणाले. "हा गोल त्या गोलापेक्षा मोठा आहे. असं का?"

बाईंनी पाहिलं. खरंच होतं. विटांची ती रांग, रोज पडणारी, रोज परत लावली जाणारी. मास्तरांनी ती पूर्वीच्या जागी परत लावलीच नव्हती. दर वेळी वीतभर बाहेर सरकवली होती, काही न बोलता, जोवर त्यांचा आठ निघाला नाही तोवर. आणि मग ती तशीच ठेवली होती. या शहरात जो जो गाडी शिकला तो हाच वाकडा आठ शिकला होता.

बाईंनी खराटा जमिनीवर ठेवला.

"मी वळण मोठं घ्यायचे," त्या म्हणाल्या.